स्वावलंबनाचें कीर्तन आणि कुणब्याची रास



हल्लीं व्यासपीठावर चढेल तो पुढारी स्वावलंबनाचें कीर्तन करितो. ता. १२ मे २०२० रोजीं, करोनाच्या टाळेबंदींत, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं ‘आत्मनिर्भर भारत’ हा मंत्र दिला व वीस लाख कोटि रुपयांची योजना जाहीर केली. तेव्हांपासून हा शब्द दिल्लीच्या मंत्र्यापासून तालुक्याच्या सभापतीपर्यंत सर्वांच्या तोंडीं बसला आहे. देशानें आपल्या पायांवर उभें राहावें, या म्हणण्याला कोण नाहीं म्हणेल? आम्हीही म्हणत नाहीं. परंतु कीर्तनाचा उत्तररंग सुरू झाला कीं बुवांचें बोट पागोटेवाल्याकडे वळतें. “शेतकऱ्यानें सरकारच्या तोंडाकडे पाहणें आतां सोडावें. अनुदान, कर्जमाफी, हमीभाव यांची संवय वाईट. त्यानें शेतकरी ऐदी होतो आणि खजिना बुडतो.” पुढच्या रांगेंतले पांढरपेशे माना डोलावितात, दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत तेंच छापून येतें, आणि आपला कुणबी घरीं जाऊन स्वतःशींच म्हणतो कीं, खरेंच, आपण सरकारच्या जिवावर जगतों कीं काय!

या प्रश्नाचें उत्तर भाषणांत नाहीं, जमाखर्चांत आहे. म्हणून आज आम्ही वहीच उघडून बसणार आहों. ज्यांना वाचतां येतें त्यांनीं घरांतल्या वडीलधाऱ्यांना हें वाचून दाखवावें.

आधीं हें पाहूं कीं शेतकरी सरकारच्या दाराशीं गेला कसा. तो आपल्या पायांनीं गेला नाहीं, त्याला बोलावून नेलें. १९६०–७० च्या दशकांत देशाला धान्य पुरत नव्हतें, अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांची वाट पाहावी लागे. तेव्हां सरकारनेंच कुणब्याला सांगितलें कीं, घरचें बी टाक, संकरित बी घे. शेणखतावर भागणार नाहीं, रासायनिक खत घाल. खत आम्ही स्वस्त देऊं आणि पिकलें कीं भाव आम्ही सांभाळूं. त्याच बोलीवर १९६५ सालीं शेतमालाच्या किमती ठरविणारें मंडळ निघालें आणि अन्न महामंडळही निघालें. शेतकऱ्यानें आपल्या बाजूचा करार पाळला. कोठारें भरलीं, जहाजें थांबलीं, देश धान्याच्या बाबतींत आपल्या पायांवर उभा राहिला. आज जे गृहस्थ शेतकऱ्याला स्वावलंबन शिकवितात, त्यांच्या ताटांतली पोळी हीच मुळीं कुणब्यानें मिळवून दिलेलें स्वावलंबन आहे! ज्यानें देशाला उभें केलें त्यालाच ‘तूं पांगळा’ म्हणायचें, ही कोणती रीत?

जुन्या गांवगाड्याचे गोडवे गाण्याची आम्हांला हौस नाहीं. घरचें बी, घरचा बैल, घरचा नाडा असे, हें खरें. पण त्याच गाड्याखालीं बलुतेदार आणि अस्पृश्य चिरडले जात, हेंही तितकेंच खरें. तो गाडा परत नको. पण नवा गाडा ज्यानें आणला त्यानें वंगणाचे पैसे मागतांना निदान लाज तरी बाळगावी.

आतां जमेची बाजू पाहूं. २०१९ सालापासून केंद्र सरकार शेतकरी कुटुंबाला वर्षाला सहा हजार रुपये तीन हप्त्यांनीं देतें. २०२३ पासून महाराष्ट्र सरकारनें आपले सहा हजार त्यांत घातले. वर्षाचे बारा हजार, म्हणजे महिन्याचे हजार, म्हणजे दिवसाचे तेहतीस रुपयेही पुरे नाहींत. यालाच ‘सन्मान’ म्हणतात.

आतां खर्चाची बाजू, आणि आधीं कांद्याची कथा. जून २०२० मध्यें केंद्र सरकारनें वटहुकूम काढला कीं, कांदा, बटाटा, डाळी, तेलबिया यांना जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याचा जाच यापुढें एरवीं राहणार नाहीं, शेतकरी मोकळा झाला. नगारे वाजले. तीन महिने उलटतात न उलटतात तोंच ता. १४ सप्टेंबर २०२० रोजीं त्याच सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. ऑगस्ट २०२३ मध्यें निर्यातीवर ४० टक्के कर बसविला. डिसेंबर २०२३ मध्यें पुनः पुरती बंदी घातली. मे २०२४ मध्यें, लोकसभेचें मतदान चालू असतां, बंदी उठली. पण टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के कर मागें ठेवूनच. विधानसभेची निवडणूक जवळ आली तेव्हां, सप्टेंबर २०२४ मध्यें, किमान किमतीची अट गेली आणि कर निम्मा झाला. तो पुरता निघाला ता. १ एप्रिल २०२५ रोजीं. लासलगांव-पिंपळगांवच्या बाजारांत ज्यानें माल नेला आहे त्याला हें शिकविण्याची गरज नाहीं.

आतां त्रैराशिक मांडा. समजा, एका घरीं चाळींत शंभर क्विंटल कांदा आहे. दिल्लीहून हुकूम सुटला आणि भाव क्विंटलामागें नुसते पांचशें रुपये उतरला. पन्नास हजार रुपये गेले. बारा हजारांच्या हिशेबानें चार वर्षांहून अधिक काळाचा ‘सन्मान’ एका सकाळीं परत नेला! एका हातानें ओंजळभर दाणे टाकायचे, दुसऱ्या हातानें सारी रास उचलायची, आणि वर म्हणायचें कीं कुणबी भिकेला सोकावला.

तुरीची गोष्ट याहून गमतीची आहे. मे २०२१ पासून सरकारनें परदेशी तुरीला दार मोकळें केलें, पुढें जकातही माफ केली, आणि जानेवारी २०२५ मध्यें ही माफी ता. ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढविली. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, ता. १ फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजपत्रकांत, काय जाहीर झालें? कडधान्यांत आत्मनिर्भर होण्याची सहा वर्षांची मोहीम! म्हणजे पुढच्या दारीं स्वावलंबनाचें तोरण आणि मागच्या दारानें परदेशाचीं पोतीं. मोझांबिक देशाशीं तर २०१६ सालीं लेखी करार झाला कीं, दरसाल इतकी तूर तुमच्याकडून घेऊं. तेथील शेतकरी आपल्यासारखाच कष्टकरी आहे, त्याच्याशीं आमचें वैर नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जी लेखी हमी समुद्रापलीकडच्या तुरीला मिळाली, ती लातूर-यवतमाळच्या तुरीनें मागितली तर तिला ‘परावलंबन’ कां म्हणावें?

कापसाचेंही तेंच. २०२१ च्या अंदाजपत्रकानें परदेशी कापसावर जकात बसली, ती सर्व मिळून ११ टक्के होती. ऑगस्ट २०२५ मध्यें अमेरिकेनें आपल्या मालावर जबर कर लादला, कापडवाले कारखानदार हवालदिल झाले. सरकारनें काय केलें? ता. १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरची जकात माफ केली आणि ती माफी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत लांबविली. विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथला नवा कापूस दसऱ्या-दिवाळीला बाजारांत उतरतो, हें तिसरींतल्या पोरालाही ठाऊक आहे. अमेरिकेचा घाव कारखानदाराच्या डोक्यावर पडायचा होता, तो सरकारनें कुणब्याच्या पाठीवर घेवविला. कारखानदाराला मात्र कोणी म्हणालें नाहीं कीं, “शेटजी, आपल्या पायांवर उभे राहा!”

कोणी म्हणेल, हे तुमचे तर्क आहेत. तर ऐका. श्रीमंत देशांच्या ‘ओईसीडी’ नामक संस्थेनें आणि दिल्लीच्या ‘इक्रिअर’ या अभ्यासमंडळानें मिळून २०१८ सालीं हिंदुस्थानच्या शेतीधोरणाचा अहवाल काढला. ही कांहीं शेतकऱ्यांची संघटना नव्हे. खत, वीज, पाणी यांवरचीं सारीं अनुदानें जमेस धरून आणि बंद्यांमुळें बुडालेला भाव वजा करून त्यांनीं हिशेब मांडला. २०००–०१ ते २०१६–१७ या काळांत शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरीनें उणे १४ टक्के निघाला. उणे! म्हणजे शंभर रुपयांच्या उत्पन्नामागें चौदा रुपये सरकारी धोरणानें शेतकऱ्याच्या पदरचे गेले. नॉर्वे, स्वित्झर्लंड, जपान या देशांत हाच आंकडा मोठा अधिक असतो. तेथील शेतकऱ्याला कोणी ऐदी म्हणत नाहीं. मग सांगा, कोण कोणाच्या जिवावर जगतो? १८८३ सालीं जोतीरावांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून हाच प्रश्न केला होता. तेव्हां सारा वसूल करायला कारकून दारीं येई. आतां कोणी येत नाहीं, घरबसल्या भाव पाडून वसुली होते. म्हणून ती आपल्या नजरेस पडत नाहीं, एवढाच फरक.

आतां खताचें पाहूं, कारण अनुदानाचा सर्वांत मोठा डोंगर तोच. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला सुमारें २६६ रुपयांस पडते आणि तिची खरी किंमत कैक पटींनीं अधिक असते, हें खरें आहे. २०२२–२३ सालीं खतांच्या अनुदानावर अडीच लाख कोटि रुपयांच्या घरांत खर्च झाला, हेंही खरें. पण हा पैसा जातो कोठें? तो शेतकऱ्याच्या खात्यांत येत नाहीं, खत कंपनीच्या खात्यांत जातो. पालाश सारा परदेशांतून येतो. युरिया ज्या वायूपासून होतो त्याचाही मोठा हिस्सा परदेशांतून येतो. २०२२ च्या फेब्रुवारींत युक्रेनची लढाई पेटली, जगांत भाव भडकले, आणि अनुदानाचा आंकडा फुगला. तेव्हां हें अनुदान थोडें शेतकऱ्याला, थोडें कंपनीला, थोडें परदेशच्या वायूवाल्याला आणि सर्वांत अधिक धान्य स्वस्तांत खाणाऱ्याला मिळतें. पावती मात्र एकट्या कुणब्याच्या नांवें फाडतात.

येथें आपल्या माणसांनाही दोन शब्द सुनावल्यावांचून राहवत नाहीं. स्वस्त मिळतो म्हणून आपण युरिया मुठीमुठीनें फेंकला आणि कित्येक रानांचा कस घालविला. पाण्याचें व विजेचें अनुदानही कोरडवाहू कुणब्यापेक्षां बारमाही बागायतदाराच्या पदरांत अधिक पडतें. ज्याच्या विहिरीला पाणीच नाहीं त्याला फुकट विजेचा काय उपयोग? हें अनुदान असेंच चालावें, असें आमचें म्हणणें नाहीं. तो पैसा जमिनीच्या व माणसाच्या मानानें थेट शेतकऱ्याच्या हातीं द्या, खत कोणतें घालायचें तें तो ठरवील. पण तें करण्याआधीं पिकाचा भाव पाडणें बंद करा. भाव पाडून ठेवायचा आणि खतही महाग करायचें, याला सुधारणा म्हणत नाहींत, दोन्हीं बाजूंनीं कात्री म्हणतात.

शब्दांची एक लबाडीही ध्यानांत ठेवा. शेतकऱ्याला रुपया दिला तर ती ‘रेवडी’. कारखानदाराला दिला तर तें ‘प्रोत्साहन’. सप्टेंबर २०१९ मध्यें कंपन्यांवरचा कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला. त्यानें वर्षाला १ लाख ४५ हजार कोटि रुपयांचें उत्पन्न सुटेल, असें सरकारनेंच सांगितलें. उत्पादन वाढवा म्हणून चौदा धंद्यांना सुमारें १ लाख ९७ हजार कोटींचें बक्षीस लावलें. तेंही ‘आत्मनिर्भर’ होण्यासाठीं! २०१४–१५ पासून नऊ वर्षांत बँकांनीं साडेचौदा लाख कोटींचीं थकलेलीं कर्जें वह्यांतून काढून टाकलीं. त्यांतलीं निम्म्याहून अधिक, सुमारें ७ लाख ४१ हजार कोटींचीं, मोठ्या उद्योगांचीं व व्यवसायांचीं होतीं. हा आंकडा २०२३ च्या ऑगस्टांत लोकसभेंत सांगितलेला आहे. ‘ही माफी नव्हे, वसुली चालूच असते,’ असें बँकवाले सांगतात. असेल. नऊ वर्षांत वसूल झाले ते मात्र दोन लाख कोटींच्या आसपास. कुणब्याचा ट्रॅक्टर ओढून नेतांना हा धीर कोठें जातो?

आतां एक आक्षेप खरा आहे, त्याला सरळ उत्तर दिलें पाहिजे. शहरांतला मजूर, गिरणींतला कामगार, झोपडींतली विधवा, यांना कांदा-डाळ स्वस्त नको काय? हवी, अवश्य हवी. तीं आपलींच माणसें आहेत. पुष्कळशीं तर आपल्याच गांवांतून पोटासाठीं गेलेलीं आहेत. पण गरिबाला स्वस्त द्यायचें तें सरकारी खजिन्यांतून द्यावें. रेशनवर माणशीं पांच किलो धान्य फुकट दिलें जातें, त्याचा भार साऱ्या देशावर पडतो. त्याविरुद्ध आम्ही अवाक्षर काढीत नाहीं. निर्यातबंदीची तऱ्हा वेगळी. तिचा सारा भार एकट्या शेतकऱ्यावर, आणि स्वस्ताईचा लाभ गरिबाइतकाच बंगलेवाल्यालाही. दान पंचांचें आणि कोठार कुणब्याचें, हा धर्म आम्हांला मान्य नाहीं.

कारागीर बंधूंनो, हें भांडण आपलें नव्हे असें समजूं नका. सप्टेंबर २०२३ मध्यें सरकारनें अठरा धंद्यांसाठीं विश्वकर्मा योजना काढली. हत्यारांसाठीं पंधरा हजार रुपये आणि पांच टक्के व्याजानें तीन लाखांपर्यंत कर्ज. वाईट नाहीं. पण सुताराला रंधा मिळाला आणि गांवांत गिऱ्हाईकच उरलें नाहीं, तर त्या रंध्यानें काय तासायचें? सोयाबीनला भाव आला म्हणजे लोहाराचा भाता चालतो, शिंप्याकडे कापड येतें, कुंभाराची भट्टी पेटते, गवंड्याला भिंत मिळते. कुणब्याच्या खळ्यावर रास राहिली तरच साऱ्या आळीच्या चुली पेटतात.

आणि आतां घरची गोष्ट. हा सारा दोष दिल्लीच्या माथीं मारून आपले पुढारी मोकळे होऊं पाहतील, तर तें होऊं देऊं नका. विधानसभेंत बसलेले बहुतेक आपल्याच जातीपातींचे, आपल्याच शिवारांतले आहेत. कित्येकांच्या बापाच्या पायांत वहाण नव्हती. निर्यातबंदी झाली तेव्हां यांतले कितीजण आपल्या पक्षाच्या तोंडावर बोलले? हप्ता जमा झाला कीं मात्र गांवोगांव यांचे फलक झळकतात. स्वावलंबनाचा उपदेश करणारे आणि हप्ता वांटणारे हे दोन पक्ष आहेत, असें समजूं नका. तोंड एकच आहे. सकाळीं तें उपदेश करितें, संध्याकाळीं तुकडा टाकतें. कारण तुकड्यावर जगणारा माणूस मतासाठीं सोयीचा असतो. ज्याच्या मालाला भाव आहे तो आमदाराला प्रश्न विचारतो. जो हप्त्याकडे डोळे लावून बसतो तो आमदाराला हार घालतो. त्यांना आपण ‘शेतकरी’ नको, ‘लाभार्थी’ हवे आहों.

खरें स्वावलंबन कसें असतें, हें पाहायला फार दूर जायला नको. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली आणि गुळाला बाजार दिला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत राधानगरीच्या धरणाचें काम हातीं घेतलें आणि रानाला पाणी देण्याची सोय मांडली. शाळा काढल्या, वसतिगृहें काढलीं. त्यांनीं कुणब्याला ‘आपल्या पायांवर उभा राहा’ असें नुसतें सांगितलें नाहीं, पायाखालीं जमीन दिली. पाणी, बाजार आणि विद्या या तीन गोष्टी राजानें द्याव्या, बाकीचें कुणबी आपल्या मनगटानें करितो. ज्याला हें देणें जमत नाहीं त्यानें उपदेशाचा आवाज तरी लहान करावा.

म्हणून आमच्या मागण्या चारच आहेत. पहिली, पेरणी झाल्यावर आयात-निर्यातीचे नियम बदलूं नयेत. बदलायचे तर हंगामाआधीं जाहीर करावे, आणि मध्येंच बदलल्यास नुकसान खजिन्यानें भरावें. दुसरी, हमीभाव कागदावर न ठेवतां खरेदीचें केंद्र वेळेवर उघडावें. २०२४ च्या हंगामांत सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारांत चार हजारांच्या आसपास विकावें लागलें; खरेदीला बारा टक्के ओलाव्याची अट, ती पंधरावर आणीपर्यंत गरजू माणसाचें पोतें व्यापाऱ्याकडे जाऊन पडलें होतें. तिसरी, खर्च धरतांना जमिनीचा खंड आणि भांडवलाचें व्याजही धरावें. स्वामिनाथन यांच्या आयोगानें २००६ सालीं खर्चावर निदान पन्नास टक्के अधिक द्या म्हणून सांगितलें. सरकारनें २०१८ मध्यें दीडपट दिल्याचें जाहीर केलें, पण खर्चाच्या यादींतून या दोन रकमा वगळून. दुकानदार गाळ्याचें भाडें खर्चांत धरतो, मग कुणब्यानें कां धरूं नये? चौथी, गोदाम, चाळी आणि पाणी यांवर पैसा घालावा, म्हणजे पीक निघाल्याच्या दिवशींच विकण्याची लाचारी सुटेल. या चार गोष्टी द्या आणि मग तुमचे सहा हजार खुशाल परत न्या!

आपल्याकडूनही एक काम झालें पाहिजे. प्रत्येक घरानें एक वही घालावी. बी, खत, औषध, मजुरी, भाडें सारें लिहावें. घरच्या बाईनें निंदण-खुरपण केलें तर तिची मजुरी पहिल्या ओळींत लिहावी, कारण घरच्या हिशेबांत ती बहुधा येत नाहीं. शेवटीं मालाचा आलेला पैसा आणि सरकारचा आलेला पैसा वेगवेगळा मांडावा. शाळेंत जाणाऱ्या मुलीकडे ही वही सोंपवा. मतें मागायला कोणी आला तर त्याला चहा द्या, पाट द्या, आणि त्याच्यापुढें ती वही ठेवा. म्हणावें, “दादा, यांत कोणाचें कोणाकडे येणें आहे, तेवढें वाचून दाखवा. मग स्वावलंबनावर बोला.”